एकापुढे एक: कापरेकर मास्तर, डेम्लो संख्या आणि ‘भाग जातो का?’

आजचा भाग इतिहासाचा आहे, पण यात किल्ला नाही, तह नाही, लढाई तर अजिबात नाही. यात आहेत एक शाळामास्तर, एक रेल्वे स्टेशन आणि पाचवीच्या गणितातला एक प्रश्न: दिलेल्या संख्येला कशाकशाने भाग जातो?

पटकन उजळणी करू. १२ ला ३ ने नि:शेष भाग जातो, म्हणजे बाकी शून्य उरते. म्हणून ३ हा १२ चा विभाजक आणि १२ ही ३ ची विभाज्य संख्या. सातचा पाढा म्हणजे दुसरं काही नाही, सातच्या विभाज्यांची यादी. आणि जिला १ आणि स्वतः सोडून दुसऱ्या कशानेच भाग जात नाही, ती मूळ संख्या. २, ३, ५, ७, ११, अशा. बाकीच्या संयुक्त. १ मात्र मूळही नाही आणि संयुक्तही नाही, त्याला वेगळं बसवलंय.

एवढं पुरे. आता जरा रस्त्यावर येऊ.

नंबर प्लेटचा खेळ

खोपोलीच्या शिळफाट्यावर, जुन्या मुंबई-पुणे हायवेच्या कडेला दहा मिनिटं उभे राहिलात तर पन्नासेक नंबर प्लेट नजरेखालून सहज जातात. समजा एका ट्रकचे शेवटचे चार अंक आहेत ४६४९. ही संख्या मूळ आहे का?

आपल्याला वाटतं, बाप रे, ४६४८ पर्यंत सगळ्यांनी भागून बघायचं? नाही. विभाजक नेहमी जोडीने येतात. ४६४९ चे दोन तुकडे पडत असतील, तर दोन्ही तुकडे ६८ च्या वर असू शकत नाहीत. कारण ६९ गुणिले ६९ म्हणजे ४७६१, हे आधीच जास्त होतं. म्हणजे निदान एक तुकडा ६८ किंवा त्याहून लहान असणार. शिवाय २ ने भाग जात नसेल तर ४, ६, ८ ने जाणारच नाही, म्हणून भागून बघायचं ते फक्त मूळ संख्यांनी. ६८ पर्यंत मूळ संख्या आहेत १९. एकोणीस भागाकार केले, एकदाही बाकी शून्य आली नाही. ४६४९ मूळ आहे. हा नंबर लक्षात ठेवा, तो पुढे परत भेटणार आहे.

आणि कुठलीही चार अंकी प्लेट घ्या, अगदी ९९९९ सुद्धा, तरी जास्तीत जास्त २५ भागाकार लागतात. कारण १०० च्या आत मूळ संख्या बरोबर २५ आहेत.

दुसरी प्लेट घेऊ, ३५५१. भागत बसलात तर २, ३, ५, ७ करत करत सोळाव्या प्रयत्नाला ५३ ने भाग जातो. पण एक जुनी युक्ती आहे. ३५५१ च्या लगेच वरचा पूर्ण वर्ग शोधा. ६० गुणिले ६०, ३६००. त्यातून ३५५१ वजा केले की उरतात ४९, म्हणजे ७ गुणिले ७. झालं काम! ६० अधिक ७ म्हणजे ६७, आणि ६० वजा ७ म्हणजे ५३. ६७ गुणिले ५३ बरोबर ३५५१. एका वजाबाकीत दोन्ही विभाजक हातात.

ही युक्ती जगभर फर्मा या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाने ओळखली जाते. त्याने ती १६४३ च्या सुमारास लिहिली. पण नारायण पंडित या आपल्याकडच्या गणितज्ञाने १३५६ मध्ये ‘गणितकौमुदी’ नावाचा संस्कृत ग्रंथ लिहिला, आणि त्यातलं एक आख्खं प्रकरण संख्येचे विभाजक कसे काढायचे यावर आहे. वर्गांच्या फरकाची ही पद्धत त्यात आहे. फर्माच्या २८७ वर्षं आधी. हे ऐकून कॉलर ताठ करायला हरकत नाही, पण पद्धतीची मर्यादाही बघा. दोन विभाजक एकमेकांच्या जवळ असतील तरच ती पटकन चालते. लांब लांब असतील तर वर्ग तपासता तपासता दमायला होतं. ही मर्यादा आपल्याला शेवटी लागणार आहे.

दुसरा शिळफाटा आणि डोंबिवली

आता गंमत म्हणजे शिळफाटे दोन आहेत. एक आपला खोपोलीचा. दुसरा तिकडे कल्याण-शिळ रस्त्यावरचा, डोंबिवलीजवळचा. पाहुण्यांना पत्ता सांगताना ‘कुठला शिळफाटा?’ हा प्रश्न येतोच. आजची आपली गोष्ट त्या डोंबिवलीत सुरू होते. खोपोली लोकलने निघालात तर कर्जत, कल्याण करत डोंबिवली वाटेत लागतंच.

त्या काळी ही लाइन जीआयपी रेल्वेची होती आणि मुंबईपासून साधारण ३० मैलांवरच्या या स्टेशनचं नाव कापरेकरांच्या लिखाणात येतं ते ‘डेम्लो’ असं. या स्टेशनवर एका तरुणाच्या डोक्यात काही संख्यांचा विचार सुरू झाला आणि त्याने त्यांना स्टेशनचंच नाव देऊन टाकलं: डेम्लो संख्या.

हा तरुण म्हणजे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणूचा. शाळा ठाण्याला, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळालं. १९२९ मध्ये पदवी. त्यापुढे ना एमए, ना पीएचडी. १९३० ते १९६२ अशी ३२ वर्षं ते नाशिकजवळ देवळालीच्या शाळेत मास्तर होते.

कापरेकर म्हटलं की सगळ्यांना ६१७४ आठवतो. कुठलेही चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत, उतरता क्रम वजा चढता क्रम करत राहा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येणार. याचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतीलच, म्हणून आज त्यात शिरत नाही. फक्त त्याचे विभाजक बघा. ६१७४ म्हणजे २ गुणिले ३ गुणिले ३ गुणिले ७ गुणिले ७ गुणिले ७. आणि अंकांची बेरीज? ६ अधिक १ अधिक ७ अधिक ४, १८. ६१७४ ला १८ ने भाग जातो, उत्तर ३४३.

ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो, तिला कापरेकरांनी ‘हर्षद’ संख्या म्हटलं. हर्ष देणारी ती हर्षद. रामानुजनची प्रसिद्ध १७२९ पण हर्षद आहे: बेरीज १९, आणि १९ गुणिले ९१ म्हणजे १७२९. यातून आपल्या कामाचं काहीतरी निघतं. दोन अंकी किंवा त्याहून मोठी हर्षद संख्या मूळ असूच शकत नाही, कारण तिचा एक विभाजक तिने स्वतःच्या अंगावर लिहून ठेवलेला असतो. १०, १०० यांची बेरीज १ येते खरी, पण ती तर उघडच संयुक्त आहेत.

डेम्लो संख्या म्हणजे काय

डेम्लो संख्येचे तीन भाग असतात: डावा, मधला आणि उजवा. डावा आणि उजवा सारख्या लांबीचे. त्यांची बेरीज केली की एकच अंक परत परत येतो आणि मधल्या भागात तोच अंक बसलेला असतो. उदाहरण, २५५३. डावीकडे २, उजवीकडे ३, बेरीज ५, आणि मध्ये ५५. किंवा १२३२१. डावीकडे १२, उजवीकडे २१, बेरीज ३३, मध्ये ३.

यातल्या काहींना कापरेकरांनी ‘वंडरफुल डेम्लो’ म्हटलं. १, १२१, १२३२१, १२३४३२१, असं थेट १२३४५६७८९८७६५४३२१ पर्यंत. याच नावाचा त्यांचा लेख १९३८ मध्ये ‘द मॅथेमॅटिक्स स्टुडंट’मध्ये आला. पुढच्या वर्षी के. आर. गुंजीकरांबरोबर मिळून त्यांनी डेम्लो संख्यांचा सिद्धांत मुंबई विद्यापीठाच्या जर्नलमध्ये मांडला.

आता या वंडरफुल संख्यांचे विभाजक काढायचेत. १२३२१ बघून काही सुचतं का? पटकन नाही सुचत. पण ती १११ चा वर्ग आहे. १२१ हा ११ चा, १२३४३२१ हा ११११ चा. म्हणजे प्रश्न सोपा झाला: फक्त एक-एक-एकने बनलेल्या संख्येचे विभाजक काढा, की डेम्लोचे आपोआप मिळतात. १११ म्हणजे ३ गुणिले ३७. म्हणून १२३२१ मध्ये दोन ३ आणि दोन ३७, दुसरं काहीच नाही. सगळे विभाजक लिहायचे तर १, ३, ९, ३७, १११, ३३३, १३६९, ४१०७ आणि १२३२१. बरोबर नऊ.

नुसत्या एकांच्या मागे

११, १११, ११११... अशा संख्यांना पुढे १९६० च्या दशकात ‘रेप्युनिट’ हे नाव पडलं. आपण ‘एकांची माळ’ म्हणू.

माळेचे विभाजक काढायची पहिली युक्ती: गट पाडा. सहा एक घ्या, १११११. अरे, हे तर पाचच झाले, अजून एक, ११११११. तीन-तीनचे दोन गट पाडले की १११ गुणिले १००१. आणि १००१ म्हणजे ७ गुणिले ११ गुणिले १३. म्हणून सहा एकांची माळ म्हणजे ३, ७, ११, १३, ३७ यांचा गुणाकार. यातून नियम निघाला: एकांची संख्याच संयुक्त असेल, तर गट पडतात आणि माळ तुटते. माळ मूळ असायला हवी तर एक किती आहेत, तो आकडा आधी मूळ हवा.

दुसरी युक्ती फोनच्या कॅल्क्युलेटरवर करून बघा. १ भागिले ४१ करा. ०.०२४३९०२४३९... पाच अंकांचा गट परत परत येतो. म्हणून पाच एकांच्या माळेला ४१ ने भाग जातो: ४१ गुणिले २७१ बरोबर ११,१११. ५ पेक्षा मोठी कुठलीही मूळ संख्या घ्या, तिच्या आवर्ती दशांशाचा गट जितका लांब, तितक्या एकांच्या माळेला ती भागते. १ भागिले २३९ केलं तर सात अंकांचा गट येतो, आणि सात एकांची माळ म्हणजे २३९ गुणिले ४६४९. आली का आपली ट्रकची प्लेट परत?

मग मूळ असलेली माळ आहे तरी का? ११ आहे. ३, ५, ७, ११, १३, १७ एकांच्या माळा सगळ्या तुटतात. १७ एकांच्या माळेचा सगळ्यात लहान विभाजक २०,७१,७२३ आहे, हाताने भागत बसणाऱ्याचा अंतच बघतो. पण १९ एकांची माळ तुटत नाही. ती मूळ आहे हे ऑस्कर हॉप्पेने १९१६ मध्ये सिद्ध केलं. २३ एकांची माळ मूळ आहे हे १९२९ मध्ये लेहमर आणि क्रायचिक या दोघांनी वेगवेगळं शोधलं. म्हणजे ज्या वर्षी कापरेकर पदवी घेऊन बाहेर पडले, त्याच वर्षी जगातले नावाजलेले गणितज्ञ नुसत्या एकांकडे बघत बसले होते.

त्यानंतर नंबर लागतो ३१७ एकांचा, मग १०३१ एकांचा. या दोन्ही सिद्ध व्हायला कॉम्प्युटर यावा लागला. १०३१ ची सिद्धता १९८६ ची, आणि त्याच वर्षी कापरेकर गेले. पुढची माळ थेट ४९,०८१ एकांची. ती ‘बहुतेक मूळ असावी’ हे हार्वे डबनरने १९९९ मध्ये शोधलं. पण ‘बहुतेक’चं ‘नक्की’ व्हायला २०२२ साल उजाडलं. तेवीस वर्षं! आणि अशा मूळ माळा अनंत आहेत की कुठेतरी संपतात, हे अजूनही कुणी सिद्ध केलेलं नाही.

‘बहुतेक’ आणि ‘नक्की’

हा काय प्रकार आहे? मूळ संख्या तपासायच्या काही झटपट चाचण्या आहेत. चाचणी ‘संयुक्त’ म्हणाली तर ते पक्कं, आणि गंमत म्हणजे विभाजक कोणता हे न सांगताही ती ते सांगू शकते. पण ‘मूळ’ म्हणाली तर ते ‘बहुतेक’. आम्ही कोड लिहिणारे रोज असल्या चाचण्यांवर विसंबतो, कारण चुकायची शक्यता जवळजवळ नसते. गणितात मात्र जवळजवळ चालत नाही.

पक्कं उत्तर झटपट मिळेल का, हा प्रश्न सुटला ऑगस्ट २००२ मध्ये, आयआयटी कानपूरला. मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे दोन विद्यार्थी, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना. दोघं विद्यार्थी नुकतेच बीटेक झालेले. त्यांनी दाखवलं की कुठलीही संख्या मूळ आहे की नाही हे अंदाज न घेता, वाजवी वेळात ठरवता येतं. तत्त्व म्हणून हे फार मोठं होतं. प्रत्यक्षात मोठ्या संख्यांसाठी दुसऱ्या पद्धती जास्त वेगाने चालतात. ४९,०८१ ची माळ एलिप्टिक कर्व्हवर आधारलेल्या पद्धतीने सुटली.

पण लक्षात घ्या, ‘मूळ आहे का?’ हा एक प्रश्न आणि ‘विभाजक कोणते?’ हा दुसरा. पहिला झटपट सुटतो. दुसऱ्यासाठी तशी झटपट पद्धत आजच्या कॉम्प्युटरांना कुणी देऊ शकलेलं नाही. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी याच फरकावर आरएसए हे कुलूप बनवलं. दोन मोठ्या मूळ संख्या घ्या, गुणाकार जगाला दाखवा, विभाजक लपवा. आजही कित्येक वेबसाइटची सर्टिफिकेट याच कुलपावर चालतात, त्यातली संख्या सहसा ६१७ अंकी असते. २०२० मध्ये संशोधकांनी २५० अंकी एक संख्या फोडली. प्रोसेसरच्या एकाच कोअरवर केलं असतं तर त्याला साधारण २७०० वर्षं लागली असती.

आणि नारायण पंडितांची युक्ती? ती अजून ड्यूटीवर आहे. कुलूप बनवताना दोन मूळ संख्या एकमेकींच्या फार जवळ नकोत असा नियम असतो, कारण जवळ असल्या तर त्याच वर्गांच्या फरकाने कुलूप चुटकीसरशी उघडतं.

चाळणीवाल्या बाई

आपल्या गोष्टीतलं अजून एक माणूस राहिलं. १०० पर्यंतच्या २५ मूळ संख्या कशा मिळतात? शाळेत तक्ता करून घेतात ना, २ चे विभाज्य खोडा, ३ चे खोडा, ५ चे, ७ चे. उरतात त्या मूळ. ही एरॅटोस्थेनिसची चाळणी, दोन हजार वर्षांहून जुनी.

डॉ. मंगला नारळीकर यांचं पीएचडीचं संशोधन या चाळणीच्याच मोठ्या घराण्यातलं: चाळून उरलेल्या संख्यांचा सिद्धांत. जन्म १९४३ चा. १९६४ मध्ये मुंबई विद्यापीठातून एमएला पहिल्या आल्या, सुवर्णपदक मिळालं. पुढे लग्न, केंब्रिज, मुली, घर. पीएचडी पूर्ण झाली १९८१ मध्ये, लग्नानंतर सोळा वर्षांनी. त्यांनी ‘गणितगप्पा’ लिहिलं, बालभारतीच्या गणित समितीचं अध्यक्षपद सांभाळलं. २०२३ मध्ये त्या गेल्या. जयंत नारळीकरांच्या पत्नी एवढीच ओळख ज्यांना माहीत आहे, त्यांच्यासाठी हे मुद्दाम सांगतोय.

मग कापरेकरांचं काय?

आता सरळ हिशेब. कापरेकरांनी मूळ संख्या ओळखायची नवी पद्धत शोधली का? नाही. १९ किंवा २३ एकांची माळ त्यांनी सोडवली का? तेही नाही. त्यांच्या हयातीत कित्येक भारतीय गणितज्ञांना त्यांचं काम क्षुल्लक वाटायचं, आकड्यांचे खेळ म्हणून. निवृत्तीनंतर पेन्शन पुरेना म्हणून त्यांनी शिकवण्या घेतल्या. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरने ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं, तेव्हा कुठे जगाला नाव कळलं. कापरेकर तेव्हा सत्तर वर्षांचे होते.

त्यांचं काम ‘खेळ’ होतं हे मान्य करूया. पण प्रश्न लहान मुलाला कळतो म्हणून तो हलका होत नाही. १२३२१ कडे बघून ‘हे कशाने तुटेल?’ असं विचारलं की दोन पायऱ्यांत तुम्ही १११ वर येता, आणि तिथून चार पायऱ्यांत अशा जागी, जिथे अजून कुणालाच उत्तर माहीत नाही. देवळालीचे मास्तर त्या वाटेवर कागद-पेन्सिल घेऊन चालत होते. ना पद आडवं आलं, ना डिग्री. ज्यांनी त्यांना हसून सोडून दिलं, त्यांनी माणूस मोजला, प्रश्न मोजला नाही.

पुढच्या भागापर्यंत गृहपाठ. आठ एकांची माळ, १,११,११,१११. आधी गट पाडा, मग कॅल्क्युलेटरवर आवर्ती दशांश बघा. एकूण चार मूळ विभाजक आहेत. सगळ्यात मोठा १३७. बाकीचे तीन तुम्ही काढा.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत नंबर प्लेट बघत राहा, पण गाडी चालवताना नको!